हिमालयातला बर्फ आणि आपला पाऊस: बर्फ जुना कसा होतो आणि त्याचा मान्सूनशी संबंध किती

डहाणू व तलासरी तालुक्यांतील शेतकरी आणि कृषी सहायकांसाठी

दरवर्षी एप्रिलच्या मध्याला भारतीय हवामान विभाग मान्सूनचा पहिला दीर्घकालीन अंदाज जाहीर करतो. त्या निवेदनात एल निनोचा उल्लेख असतो, हिंदी महासागराच्या तापमानाचा असतो, आणि शेवटी एक ओळ येते: जानेवारी ते मार्च या काळात उत्तर गोलार्धातील बर्फाच्छादन सरासरीपेक्षा कमी किंवा जास्त होते. वर्तमानपत्रे त्या ओळीवरून 'बर्फ कमी, पाऊस जास्त' असे मथळे करतात. मग खरीपपूर्व बैठकीत हमखास कोणीतरी विचारते, की आपल्याकडे बर्फ पडत नाही, आपल्या नद्या सह्याद्रीतून येतात, तर त्या बर्फाचे आम्ही काय करायचे? प्रश्न रास्त आहे. मथळा वाचून भाताचा राब आठवडाभर आधी टाकणारे शेतकरी आहेत आणि पाऊस लांबला तर बियाणे त्यांचेच जाते. म्हणून बर्फ म्हणजे काय, तो पडल्यानंतर कसा बदलतो आणि त्यावरून आपल्याला कितपत अंदाज बांधता येतो, हे एकदा नीट समजून घेऊ.

आधी शब्द नीट करू

बोलताना आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. पण ढगातून हलकेच उतरणारे पांढरे हिम, वळवाच्या पावसात पडणारी गार, मासळीच्या पेटीत घालतात तो कारखान्यातला बर्फ आणि थंडीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ पानांवर दिसणारे हिमकण या चार वेगळ्या गोष्टी आहेत. गार वादळी ढगात पाणी थरावर थर गोठून तयार होते. महाबळेश्वरचे हिमकण म्हणजे जमिनीलगत गोठलेले दव. तिथे 'बर्फ पडला' अशी बातमी येते ती चुकीची. हिमाचा कण मात्र ढगात पाण्याच्या वाफेपासून थेट बनतो, मध्ये पाण्याचा थेंब व्हावा लागत नाही. धुळीच्या एखाद्या कणाभोवती वाफ गोठते आणि सहा बाजूंनी वाढत जाते. शून्याखाली साधारण १५ अंशांच्या आसपास नक्षीदार चांदण्या तयार होतात, शून्याखाली ५ अंशांजवळ सुयांसारखे कण होतात. जपानमध्ये उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये प्रयोगशाळेत असे कण पहिल्यांदा वाढवून दाखवले.

या लेखात बर्फ म्हणजे जमिनीवर साठलेले हिम असे समजावे.

पडल्याबरोबर बदल सुरू होतो

ताज्या हिमात बर्फ थोडा आणि हवा फार. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा ताज्या हिमाचा ढीग घेतला तर त्याचे वजन साधारण ५० ते १०० किलो भरते. तेवढेच पाणी १००० किलो भरते. म्हणजे ढिगाचा नऊ दशांशाहून जास्त भाग हवेचा. तलासरीत कापून मोकळे टाकलेले गवत आणि दाबून बांधलेली गवताची गाठ यांत जो फरक, तोच ताज्या आणि जुन्या बर्फात. गवत दाबायला यंत्र लागते. बर्फ मात्र स्वतःच्या वजनाने, वाऱ्याने आणि आतल्या आत दबत जातो.

यातले 'आतल्या आत' हे समजायला डहाणूच्या बंदरावर जावे. मासळीच्या पेटीत संध्याकाळी बर्फाचा मोकळा चुरा घातलेला असतो. सकाळी झाकण उघडले तर चुरा एकमेकांना चिकटून घट्ट झालेला असतो, फावड्याने फोडावा लागतो. सगळा वितळून पुन्हा गोठला असे नसते. बर्फाचे तापमान वितळण्याच्या जवळ असले की त्याच्या टोकदार कडांवरून पाण्याचे रेणू सुटतात आणि दोन कण जिथे टेकतात त्या खळगीत जाऊन बसतात. टोके झिजतात, सांधे भरतात. पर्वतावरच्या हिमातही हेच होते. सहा टोकांची चांदणी काही दिवसांत टोके गमावून गोल दाण्यासारखी होते, दाणे जवळ येतात, एकमेकांना चिकटतात. वजन घनमीटरला २०० ते ३०० किलोपर्यंत चढते. थर बसतो पण मजबूत होतो.

दुसरा बदल याच्या उलट दिशेने जातो आणि तो जास्त धोक्याचा. हिम हे उत्तम पांघरूण आहे, कारण त्यात हवा अडकलेली असते. त्याच्या तळाशी जमीन शून्य अंशाच्या आसपास उबदार राहते आणि वर रात्रीची हवा शून्याखाली १५-२० अंशांपर्यंत गेलेली असते. थर पातळ आणि थंडी कडक असली तर तळाची वाफ वर सरकू लागते आणि वाटेतल्या थंड दाण्यांवर जमते. तिथे गोल दाणे बनत नाहीत, पैलूदार, पेल्यासारखे पोकळ स्फटिक वाढतात. ते एकमेकांना नीट चिकटत नाहीत, हातात घेतले तर जाड साखरेसारखे घरंगळतात. घरच्या फ्रीझरमध्ये बरेच दिवस राहिलेल्या मटारच्या पिशवीत आतून जे चमचमते कण दिसतात, त्यांची जात हीच. अशा सैल थरावर नवे जड हिम पडले की वरचा सगळा थर एकदम घसरतो. हिमस्खलनाचे हे एक मोठे कारण. मनालीला यासाठीच हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था उभी राहिली आणि सीमेवरच्या जवानांना तिथल्या अभ्यासावरून इशारे दिले जाऊ लागले.

तिसरा बदल वसंतात होतो. दिवसा वरचे हिम वितळते, पाणी दाण्यांमधून खाली झिरपते, रात्री पुन्हा गोठते. असे रोज झाले की बारीक दाणे नाहीसे होतात आणि मोठे जाड दाणे उरतात. वजन घनमीटरला ४०० ते ५०० किलो होते. हा बर्फ दिसायलाही वेगळा, ताज्या हिमासारखा डोळे दिपवणारा नाही, करडा.

उन्हाळा पार करून जे हिम उरते ते पुढच्या वर्षीच्या हिमाखाली गाडले जाते. वर्षानुवर्षे दाब वाढत जातो. घनमीटरला ८३० किलोच्या आसपास पोहोचले की दाण्यांमधले हवेचे मार्ग बंद होतात, हवा बुडबुड्यांत कोंडली जाते आणि त्याला हिमनदीचा बर्फ म्हणायचे. अगदी घट्ट शुद्ध बर्फ ९१७ किलो भरतो. ओलसर हवेच्या पर्वतांवर या प्रवासाला काही दशके पुरतात. अंटार्क्टिकाच्या कोरड्या थंडीत हजारो वर्षे लागू शकतात.

पांढरेपणाचा हिशेब

हवामानाच्या दृष्टीने बर्फाचे दोन गुण महत्त्वाचे: तो ऊन परतवतो आणि वितळताना उष्णता खातो. हे आकड्यांत पाहिले की मान्सूनचा मुद्दा आपोआप कळतो.

ताजे हिम आपल्यावर पडलेल्या उन्हाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकते. जाड दाण्यांचे जुने हिम ५० ते ६० टक्के, आणि धूळ-काजळी बसलेले त्याहून कमी. उघडी माती साधारण २० टक्केच परत करते, बाकी ऊन पिऊन तापते. म्हणजे बर्फ जुना होणे याचा अर्थच तो उन्हाला जास्त हात देऊ लागला असा. वितळला की दाणे मोठे होतात, मोठे दाणे जास्त ऊन शोषतात, म्हणून आणखी वितळते. एकदा सुरू झालेले हे चक्र नवे हिम पडेपर्यंत थांबत नाही.

आता उष्णता. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळून शून्य अंशाचे पाणी व्हायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापले असते. समजा एका डोंगरउतारावर ३० सेंटिमीटर ताजे हिम आहे. त्यात पाणी ३० मिलिमीटरच. एप्रिलच्या स्वच्छ दिवशी एका चौरस मीटरवर साधारण २२ मेगाज्यूल ऊन पडते असे धरले, त्यातले ८५ टक्के परत गेले, तर हे पातळ हिम वितळायला केवळ उन्हाच्या जोरावर तीन दिवस लागतील. पण एक मीटर जाडीचा जुना घट्ट बर्फ घेतला तर त्यात ४०० मिलिमीटर पाणी असते. तो ६० टक्के ऊन परत करतो असे धरले तरी पंधरा दिवसांचे ऊन त्याच्या वितळण्यातच जाते. हा ढोबळ हिशेब आहे. गरम वारा, पाऊस, रात्रीची थंडी यात धरलेली नाही. तरी मुद्दा स्पष्ट होतो: जिथे बर्फ जाड आहे तिथली जमीन तेवढे दिवस तापत नाही.

आणि वितळल्यावरही लगेच तापत नाही, कारण माती ओली असते. मेच्या उन्हात सुक्या ढेकळांवरून चालताना पाय भाजतात आणि बाजूच्या शिंपलेल्या वाफ्यात गार वाटतात, हे सांगायला पुस्तक नको. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २५०० किलोज्यूल लागतात, बर्फ वितळण्याच्या सातपट. म्हणून हिवाळ्यातल्या जाड बर्फाची आठवण जमीन उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवते.

बर्फावरून पावसाचा अंदाज: १८८४ ते आज

मान्सून ओढला जातो तो जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकाने. आशियाचा भूभाग, विशेषतः तिबेटचे पठार आणि त्याच्या पश्चिमेचा प्रदेश, उन्हाळ्यात जितका तापेल तितकी ओढ चांगली. मग जास्त बर्फ म्हणजे उशिरा तापणारी जमीन, म्हणजे मान्सून दुबळा, हा तर्क सरळ आहे.

हा तर्क पहिल्यांदा आकड्यांवरून मांडला हेन्री ब्लॅनफर्ड यांनी. भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला, ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला आणि पुढचा पाऊस आधी कळेल का, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. १८८४ मध्ये ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातले हिम आणि देशातले कोरडे वारे यांचा संबंध मांडला आणि ४ जून १८८६ रोजी पहिला अधिकृत मोसमी अंदाज निघाला. त्यांच्यानंतर गिल्बर्ट वॉकर यांनीही आपल्या गणितात हिमालयातला बर्फ धरला होता.

महाराष्ट्रातल्या जुन्या शेतकऱ्यांना आठवेल ते 'गोवारीकर मॉडेल'. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव असताना १८८७ च्या नव्हे, १९८७ च्या दुष्काळानंतर, १९८८ पासून सोळा घटकांवर आधारलेला अंदाज दिला जाऊ लागला. त्या सोळांत दोन घटक बर्फाचे होते: हिमालयातले जानेवारी ते मार्चचे बर्फाच्छादन आणि युरोप-आशियातले आदल्या डिसेंबरचे. १९८८ ते २००१ अशी चौदा वर्षे देशात दुष्काळी मान्सून आलाच नाही आणि मॉडेलचे नाव झाले. (खरे तर एवढ्या सलग बऱ्या वर्षांत 'पाऊस सरासरीइतका' म्हणणारा कोणीही बरोबर ठरला असता.) २००२ मध्ये अंदाज सरासरीइतक्या पावसाचा होता आणि प्रत्यक्षात देशात ८१ टक्केच पाऊस झाला, जुलै जवळजवळ अर्धा कोरडा गेला. २००३ मध्ये पद्धत बदलली. २००७ पासूनच्या संख्याशास्त्रीय पद्धतीत तर बर्फ हा थेट घटक राहिला नाही.

याचा अर्थ ब्लॅनफर्ड चुकले असा नाही. उपग्रहांची छायाचित्रे मिळू लागल्यावर १९७६ मध्ये हान आणि शुक्ला यांनी युरोप-आशियातल्या बर्फाचा आणि मान्सूनचा उलटा संबंध पुन्हा दाखवला. नंतरच्या अभ्यासांत हा संबंध हिमालयापेक्षा पश्चिमेकडच्या युरोप-आशियातल्या बर्फाशी जास्त जुळतो असे दिसले. म्हणजे टीव्हीवर मनाली-गुलमर्गचा बर्फ पाहून आपल्या पावसाचे अनुमान काढण्यात तर आणखीच कमी अर्थ. संबंध आहे, पण तो अनेकांपैकी एक, आणि प्रशांत महासागरात एल निनो जोरात असला की मागे पडणारा.

२०२३ आणि २०२५: बर्फ सारखाच कमी, राब वेगळा

हे आपल्या शेतात कसे दिसते ते अलीकडच्या दोन वर्षांत पाहा.

२०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर गोलार्धातील बर्फाच्छादन सरासरीपेक्षा कमी होते. नुसत्या बर्फाच्या नियमाने पाऊस चांगला हवा होता. पण एल निनो आला, जूनमध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळाने मान्सूनची वाट अडवली आणि मान्सून मुंबईला पोहोचला २५ जूनला. नेहमीची तारीख ११ जून. पुढे ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदीतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशाचा हंगामी पाऊस ९४ टक्के.

२०२५ च्या जानेवारी ते मार्चमध्येही बर्फाच्छादन सरासरीपेक्षा कमीच होते. या वेळी एल निनो नव्हता. देशाचा पाऊस १०८ टक्के झाला. पण मान्सून मुंबईत दाखल झाला २६ मे रोजी, म्हणजे दोन आठवड्यांहून अधिक लवकर.

डहाणू-तलासरीच्या भातशेतकऱ्याला या दोन्ही वर्षांनी उलट्या अडचणीत टाकले. मेअखेर धूळवाफेवर बी पेरायची पद्धत आपल्याकडे आहे. २०२३ सारख्या वर्षात धूळवाफेतले बी एखाद्या चुकार सरीने उगवते आणि मग पंधरा दिवस पाणी नसल्याने करपते. २०२५ सारख्या वर्षात राब भाजून, माती मोकळी करून होण्याआधीच पाऊस पडतो, धूळवाफ मिळतच नाही, गादीवाफे चिखलात करावे लागतात. एप्रिलमधली बर्फाची ओळ दोन्ही वर्षी एकच होती. त्या ओळीवरून पेरणीची तारीख ठरत नाही, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार?

देशाचा आकडा आणि आपला पाऊस यांतही फरक असतो. एप्रिलचा अंदाज सगळ्या देशासाठी, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी एक टक्केवारी देतो आणि त्यातही ५ टक्के कमी-अधिक धरलेले असते. मेअखेरच्या सुधारित अंदाजात हे ४ टक्के होते. देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर आहे, आपल्याकडे त्याच्या दुपटीच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या भाताला चार महिन्यांच्या बेरजेपेक्षा जूनमधली सुरुवात, जुलैतली लावणी आणि सप्टेंबरअखेर दाणा भरताना येणारा खंड या तीन गोष्टी जास्त नडतात. त्या कुठल्याही बर्फावरून कळत नाहीत.

म्हणून काय करावे:

राबाची तारीख ठरवताना हवामान विभागाचा दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला आणि गुरुवारी येणारा पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज पाहावा. 'मेघदूत' अॅपवर जिल्ह्याचा सल्ला मराठीत मिळतो. कृषी सहायकांनी तो गावाच्या गटावर जसाच्या तसा न टाकता आपल्या गावातल्या जमिनीनुसार दोन वाक्यांत सांगितला तर जास्त वाचला जातो, असा अनुभव आहे.

सगळे बी एकाच दिवशी टाकू नये. एक हेक्टर लावणीसाठी साधारण दहा गुंठे रोपवाटिका लागते. तिचे दोन भाग करून आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरल्यास एक भाग गेला तरी हंगाम जात नाही. ज्यांच्याकडे विहीर किंवा बोअरचे पाणी आहे त्यांनी शेजाऱ्याचा राबही आपल्याच कोपऱ्यात करून दिल्याची उदाहरणे आहेत. हे अवश्य करावे.

उताराच्या, वरकसला लागून असलेल्या जमिनीत कर्जत-१८४, रत्नागिरी-२४, कर्जत-३ असे हळवे वाण ठेवावेत. निमगरवे आणि गरवे वाण पाणी धरणाऱ्या खोलगट खाचरांपुरते. पाऊस लांबल्याच्या वर्षी गरव्याचा राब उशिरा टाकून वेळ भरून निघत नाही, तिथे वाणच बदलावा लागतो. नागली-वरी करणाऱ्यांनी वरकसचा तुकडा भातासाठी मोडू नये. खंडाच्या वर्षात घरात धान्य येते ते तिथूनच.

कोसबाड टेकडीवरच्या कृषी विज्ञान केंद्रात वाणांची आणि बियाण्याच्या उपलब्धतेची चौकशी मेच्या सुरुवातीलाच करावी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हळव्या वाणाचे बी शोधत फिरण्यात अर्थ नसतो.

बर्फच बदलतो आहे

बर्फाची ओळ पुढच्या काळात आणखी फसवी होणार आहे, कारण बर्फाचाच स्वभाव बदलतो आहे. हवा तापली की उंचीवर जिथे हिम पडायचे तिथे पाऊस पडतो. हिम पडले तरी ते ओले, जड पडते आणि लवकर जाड दाण्यांचे होते. त्यावर वाळवंटाची धूळ आणि मैदानातल्या धुराची काजळी बसते. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीने मुंबईपर्यंतची किनारपट्टी झाकोळली होती ते आठवत असेल. अशीच धूळ हिमालयाकडे गेली की पांढऱ्या बर्फाचा करडा होतो आणि वितळणे आठवड्यांनी पुढे येते.

काठमांडूची 'इसिमोड' ही संस्था हिंदुकुश-हिमालयातला बर्फ जमिनीवर किती दिवस टिकतो याची दरवर्षी नोंद देते. नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ या हंगामात तो सरासरीपेक्षा २३.६ टक्के कमी टिकला. २३ वर्षांतला हा नीचांक, आणि सलग तिसरे तुटीचे वर्ष. सतलज, बियास, गंगा यांच्या उन्हाळी पाण्याला याचा थेट फटका बसतो. आपल्या सूर्या, वरोली, वैतरणेला बसत नाही. धामणी किंवा कुर्झे धरणात एक थेंबही बर्फाचा नाही, सगळा पावसाचा आहे. मात्र आपल्या रेशनचा गहू बहुतांशी पंजाब-हरियाणातून येतो, तेव्हा अगदीच संबंध नाही असेही म्हणता येत नाही.

हिवाळ्यात मात्र लक्ष ठेवा

एक संबंध थेट आहे आणि तो मथळ्यांमध्ये कमी येतो. हिमालयात हिम आणणारे पश्चिमी विक्षोभ भूमध्य समुद्राकडून येतात. ते जाताना मागे कोरडे, थंड वायव्य-उत्तरी वारे सोडतात. 'तिकडे बर्फ पडला म्हणून इकडे थंडी आली' असे आपण म्हणतो, ते पूर्ण बरोबर नाही. दोन्ही एकाच प्रणालीची कामे आहेत. ताजे पांढरे हिम तिकडची हवा थंड राखायला मदत करते एवढेच. ती हवा राजस्थान-गुजरातवरून येता येता बरीच कोमट होते, म्हणून डहाणूत दहिवर गोठण्याइतकी थंडी पडत नाही. पण उत्तरेत मोठी हिमवृष्टी झाल्याची बातमी आली की पुढच्या दोन ते चार दिवसांत आपल्याकडे किमान तापमान घसरू शकते, एवढे धरून चालावे.

विक्षोभ दक्षिणेकडे झुकला आणि त्याला अरबी समुद्राची वाफ मिळाली तर थंडीऐवजी अवकाळी पाऊस येतो. १ डिसेंबर २०२१ ला मुंबईसह उत्तर कोकणात असाच पाऊस झाला. त्या सुमारास आपल्याकडे भाताची उडवी, कापलेले गवत, वीटभट्टीच्या कच्च्या विटा उघड्यावर असतात. उत्तरेत हिमवृष्टीचा इशारा आणि त्याच वेळी अरबी समुद्रावर ढग, असे दोन्ही अंदाजात दिसले तर गवताची गंजी त्याच दिवशी झाकावी. भिजलेले गवत वाळवले तरी काळे पडते आणि व्यापारी भाव पाडतो.

थंडी कोरडी आली तर पिकांनुसार पुढील काळजी घ्यावी.

आंब्याला ती मानवते, मोहर फुटायला मदत होते. मोहर आल्यावर ढगाळ हवा झाली तर तुडतुड्यांकडे लक्ष द्यावे. शिल्लक ओलीवर घेतलेल्या वालाला थंडी चालते, पण ढगाळ दिवसांत शेंड्यांवर मावा येतो, तो सकाळी फिरून पाहावा.

शेडनेटमधली ढोबळी मिरची रात्रीचे तापमान १५ अंशांखाली राहिले की फळधारणेत मागे पडते. संध्याकाळी बाजूचे पडदे लावून घ्यावेत, सकाळी ऊन आल्यावर उघडावेत, नाहीतर आत दमटपणा साचून रोग वाढतात. पाणी सकाळी उशिरा द्यावे.

चिकूची फळे थंडीत सावकाश पक्व होतात. घोलवड-बोर्डीच्या बागायतदारांना हे ठाऊक आहे, नव्याने बाग केलेल्यांनी मात्र लक्षात घ्यावे. आकार दिसला म्हणून काढणी करू नये. सालीवरची भुकटी झडून फळ पिवळसर बटाट्याच्या रंगाचे दिसू लागले आणि नखाने खरवडल्यावर आत हिरवी रेघ किंवा चीक दिसला नाही, तरच काढावे. लांबच्या बाजारासाठी माल पाठवताना काहीजण पेटीत बर्फ ठेवतात, ते टाळावे. कच्चा चिकू १०-१२ अंशांखाली बरेच तास राहिला तर बाहेर काढल्यावर नीट पिकत नाही, कडकच राहतो आणि चवीला फिका लागतो. सावली, हवेशीर खोकी आणि रात्रीचा प्रवास एवढे पुरते.

नवीन लावलेल्या कलमांच्या बुंध्याभोवती भाताचा पेंढा किंवा सुके गवत तीन-चार इंच पसरावे. हिमाचा थर जसा जमिनीची ऊब धरून ठेवतो तसेच हे आच्छादन धरते, कारण दोन्हींत काम करते ती अडकलेली हवा. पेंढा खोडाला टेकवू नये, चार बोटे अंतर ठेवावे, म्हणजे वाळवी आणि बुंधा कुजणे टळते.